बोरसंगम: एका कल्पित शहराचा नकाशा दुसऱ्यांदा काढताना

बोरसंगम हे शहर कल्पनेतलं. सह्याद्रीच्या पूर्वेला, देशावर, तांबगंगा आणि बोर या दोन नद्यांच्या बेचक्यात वसवलेलं. साल इ.स. १८८५, वस्ती २४,०००. एका ऐतिहासिक कादंबरीसोबत घडी घालून द्यायचे दोन सुटे नकाशे हवे होते, एक शहराचा आणि एक मुलखाचा, दोन्ही ए-२ कागदावर. कथेने चार गोष्टी आधीच ठरवून टाकल्या होत्या. घाटमाथ्यावरून निघालेली भरलेली बैलगाडी तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला वेशीत शिरते. पुराचं पाणी खालच्या पेठेत घुसतं, पण संगमेश्वराच्या पायरीशी थांबतं. दक्षिणेच्या गडावरून शहरातल्या चौकातली होळी दिसते. आणि रेल्वे नुकतीच आली आहे.

पहिला कच्चा नकाशा दिसायला देखणा होता: गोल तट, आठ बुरूज, मधोमध वाडा, डोंगरांच्या छोट्या छोट्या चित्रांची रांग. चारांपैकी एकाही कसोटीला तो उतरला नाही. कारण एकच. शहर आधी काढलं होतं, आणि नद्या, डोंगर, वाटा उरलेल्या जागेत कोंबल्या होत्या. दुसऱ्या खेपेला क्रम उलटा लावला: जे जमिनीवर आधी आलं ते कागदावरही आधी. खडक, मग पाणी, मग वाट, मग पांढरी (गावठाणाची जमीन), मग तट, मग पेठा, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे. प्रत्येक टप्पा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढला, म्हणजे खालची रेघ वरच्या रेघेला आडवी येते तेव्हा ती दिसते.

प्रमाण चुकलं तिथून

टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा छापील भूनकाशा) म्हटलं की १:५०,००० हेच प्रमाण डोळ्यांसमोर येतं, आणि कच्च्या नकाशातही तेच घेतलं होतं. त्या प्रमाणात ए-२ कागदावर (४२० × ५९४ मिमी) जेमतेम २१ × २९.७ किमी मुलूख मावतो. भरलेली बैलगाडी दिवसाला २० ते २५ किमी जाते, म्हणजे तीन दिवसांचा रस्ता साठ किलोमीटरच्या पुढे जाणार. घाट कागदाबाहेर पडला होता आणि तो आत बसवायला रस्ता गुपचूप आखूड केला होता. गाडी तीन दिवस त्या रस्त्यावर काय करत होती, असं वाचकाने विचारलं असतं तर उत्तर नव्हतं.

मुलखाच्या नकाशाला १:१,२५,००० घेतलं. यात ८ मिमी म्हणजे १ किमी, पट्टीने मोजायला सोपं. घाटमाथा ते शहर सरळ रेषेत ५२ किमी, म्हणजे ४१६ मिमी. दोन्ही बाजूंना २५ मिमी समास सोडला की आडवे १२८ मिमी उरतात, म्हणजे १६ किमी. त्यातले ६ किमी घाटाच्या पश्चिमेला, कोकणात उतरणारा कडा दाखवायला, आणि १० किमी शहराच्या पूर्वेला. शहराच्या नकाशाला १:५,००० घेतलं: १ सेंमी म्हणजे ५० मीटर, समास वगळून सुमारे २.७ × १.८५ किमी.

याच वेळी पेनाच्या जाडीचा हिशेब करून ठेवावा. १:५,००० मध्ये ०.२ मिमीची रेघ जमिनीवर १ मीटर होते. कसब्यातला ३ मीटरचा बोळ कागदावर ०.६ मिमी. तो दोन रेघांनी काढला तर रेघाच उरतात, बोळ गायब होतो. म्हणून जुन्या वस्तीत बोळ काढायचेच नाहीत. घरांचे ठोकळे काढायचे आणि त्यांच्यामधली फट म्हणजे बोळ. १२ मीटरची बाजारपेठ २.४ मिमीला येते, तिथे नाव लिहायलाही जागा मिळते.

खडक आणि पाणी

दख्खनचा डोंगर म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक. त्यामुळे उतार सरळ नसतो: कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा, आणि माथा टेबलासारखा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सारख्या अंतरावर काढल्या की कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या मऊ टेकड्या दिसायला लागतात. इथे चार-पाच रेषा एकमेकींना चिकटवायच्या, मग मोकळी जागा सोडायची, मग पुन्हा गठ्ठा. मुलखाच्या नकाशात दर ५० मीटरला एक रेषा, शहराच्या नकाशात दर ५ मीटरला. गडही याच थरांतून निघतो; डोंगराच्या सोंडेचं टोक दोन्ही बाजूंनी झिजून सुटं झालं की माथ्याला तटाची फारशी गरज राहत नाही.

कच्च्या नकाशात समोच्च रेषांची टोकं ओढ्यांमध्ये खाली, प्रवाहाच्या दिशेने वळली होती. ही सगळ्यात जास्त सापडणारी चूक. दरीतून जाताना रेषेचं टोक नेहमी वर, उगमाकडे असतं. उलट काढलं की ओढा टेकडीच्या कण्यावरून वाहतो.

नदीच्या बाबतीत तीन दुरुस्त्या लागल्या. तांबगंगा शहराच्या खाली दोन फाट्यांत विभागली होती. नद्या वरून येऊन मिळतात. त्रिभुज प्रदेश किंवा बेट सोडलं तर खाली जाऊन फुटत नाहीत. ओढे काटकोनात मिळत होते; ते लघुकोनात, प्रवाहाच्या दिशेला झुकून मिळतात. आणि चार ठिकाणी सुंदर निळी सरोवरं होती. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाहीच, लोणारसारखा अपवाद उल्कापातातून आलेला. पाण्याचा पसारा दाखवायचा असेल तर त्याला बांध हवा, आणि बांधाची बाजू सरळ हवी. तळ्याचा आकार एका कडेला सुरीने कापल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

उंचीचे आकडे असे बसले. घाटमाथा ७२० मीटर, उगम ७००, संगमाशी नदीचं पात्र ५४६. नदीची लांबी वळणं धरून ७० किमी. पहिल्या १२ किमीत ती ९० मीटर उतरते, उरलेल्या ५८ किमीत फक्त ६४ मीटर. वर धबधबे आणि खडकाळ पात्र, खाली नागमोडी वळणं आणि काळी जमीन, हे या दोन आकड्यांतून आपोआप येतं.

पाऊसही पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने उतरतो. महाबळेश्वरहून पाचगणी अठरा-वीस किलोमीटरवर, पण तिथे पाऊस साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि फलटणच्या बाजूला जेमतेम ५०० मिमीपर्यंत. त्यामुळे पहिल्या १२ किमीत जंगल आणि भातखाचरं, पुढे ज्वारी-बाजरीची शेतं, शहराच्या आसपास माळ आणि बाभळी. कच्च्या नकाशात हिरवा रंग सगळीकडे सारखा फासला होता. दुसऱ्या खेपेला भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी रीत घेतली: बारमाही पाणी निळं, पावसाळ्यापुरते ओढे काळ्या रेघेने. पूर्वेकडचे बहुतेक ओढे काळे झाले आणि मुलूख एकदम ओळखीचा वाटायला लागला.

शहर: आधी पांढरी, मग तट

दोन नद्यांच्या बेचक्यात शहर का? दोन बाजूंना पाणी आहे, जाड तट फक्त पश्चिमेला लागतो. संगमाच्या टोकाला बेसॉल्टचा उघडा कातळ, त्यावर संगमेश्वर. त्याच्या पश्चिमेला कसबा, पांढरीवर. शेकडो वर्षं मातीची घरं पडून त्याच जागी पुन्हा उभी राहिली की गावठाणाखालची जमीन वर येते. इथे ती ५६२ ते ५६४ मीटरला धरली. पात्र ५४६, भर पावसाळ्यातलं पाणी ५५१, मोठा पूर ५५७. देवळाची खालची पायरी ५५८. खालची पेठ, म्हणजे तटाबाहेर तांबगंगेच्या काठावरची बुधवार पेठ, ५५४ ते ५५६. मग पूर काढावाच लागत नाही. ५५७ ची रेषा पेन्सिलीने ओढली की तिच्या आत जे आलं ते बुडालं, पेठेत एक ते तीन मीटर पाणी. कच्च्या नकाशात सावकारांचे वाडे अगदी नदीकाठी, ‘शोभा म्हणून’ बसवले होते. ज्याच्याकडे पैसा आहे तो ५५७ च्या खाली वाडा बांधत नाही.

तटाची कथा तर हसण्यासारखी. गोल तटाचा व्यास ३०० मीटर होता, म्हणजे क्षेत्रफळ ७ हेक्टर. २४,००० माणसं ७ हेक्टरांत म्हणजे हेक्टरी जवळपास ३,४००. एक-दोन मजली घरांच्या गावात माणसं उभीच राहायला हवीत. दाट जुन्या वस्तीसाठी हेक्टरी २०० हा कामचलाऊ आकडा धरला. तटाच्या आत १६,००० लोक, म्हणून ८० हेक्टर. १:५,००० मध्ये १ चौरस सेंमी म्हणजे पाव हेक्टर, तेव्हा ३२० चौरस सेंमी, ढोबळमानाने २० × १६ सेंमी. उरलेल्या ८,००० पैकी ३,५०० घाटरस्त्याच्या नव्या पेठेत, २,५०० बुधवारात, २,००० बोरेपलीकडे. तटाचा आकार दोन बाजूंना काठाची वळणं घेतो. तो गोल होणारच नाही.

पेठा एका दिवशी वसत नाहीत, आणि ते रस्त्यांत दिसलं पाहिजे. कसब्यात बोळ वाकडे, कारण ते पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या ओघळींवर पडले आहेत. शनिवार आणि शुक्रवार पेठ नंतर ठरवून वसवलेल्या, तिथे मधोमध सरळ बाजाररस्ता आणि त्याला आडव्या आळ्या. दोन पेठांच्या शिवेवर आळ्या एकमेकींसमोर येत नाहीत, अर्ध्या घराने सरकतात. ही चुकामूक मुद्दाम ठेवायची. १८८५ पर्यंत पश्चिमेचा तट पाडला गेला असं धरलं आणि त्याच्या जागी रस्ता आला. पण त्याची वक्ररेषा तशीच राहिली, बुरुजाच्या जागी रस्त्याला उगाच फुगवटा. वेस गेली तरी नाव राहतं. नावं ठरवायची रीत छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजासारखी: वाट जिथे जाते ते नाव. इथे घाटवेस पश्चिमेला, बोरवेस दक्षिणेला, पाणवेस नदीकडे.

ढोर-चांभारांचे कातडी कमावायचे हौद संगमाच्या खालच्या अंगाला. कामाला चुना, बाभळीची आणि तरवडाची साल आणि भरपूर पाणी लागतं, आणि घाण पाणी शहराच्या पाणवठ्याखाली सुटायला हवं. स्मशानही तिकडेच. महारवाडा त्या काळच्या रीतीप्रमाणे तटाबाहेर लोटलेला आणि त्याचा पाणवठा वेगळा. कच्च्या नकाशात यातलं काहीच नव्हतं. सगळं शहर देवळं आणि वाड्यांचं. गावाबाहेर कुणाला आणि का ठेवलं ते नकाशातून पुसलं तर पाणी कुठून कुठे जातं तेही कळेनासं होतं.

पाण्याने टेकडी चढली

कात्रजच्या तळ्यातून पुण्याच्या पेठांत भुयारी दगडी नळाने पाणी आणलं होतं, ठरावीक अंतरावर उच्छ्वास (हवा जायला बांधलेले मनोरे) ठेवून. बोरसंगमलाही तसाच नळ दिला. तळं पश्चिमेला, दोन नद्यांमधल्याच उंचवट्यावर, ६ किमी दूर. बांधाची पातळी ५८५, शहरातला हौद ५६३. उतार २२ मीटर, कागदावर छान. पण पहिल्या नकाशात नळ पट्टीने सरळ ओढला होता आणि वाटेत ५९० मीटरची सोंड आडवी होती. गुरुत्वाने चालणारं पाणी पाच मीटर वर चढून पलीकडे उतरत होतं.

नळ सोंडेला वळसा घालून नेला, समोच्च रेषेला जवळजवळ समांतर, किंचित खाली घसरत. लांबी ८.५ किमी झाली, उतार किलोमीटरला सुमारे २.६ मीटर. उच्छ्वासांसाठी बारीक चौकोन काढले. कोरड्या माळावर एका वाकड्या रांगेत असे चौकोन दिसले की जाणकार वाचकाला न लिहिता कळतं, इथे खालून पाणी जातंय.

होळी दिसते का

गड शहराच्या दक्षिणेला ९ किमीवर, उंची ९०५. चौक ५६२. फरक ३४३ मीटर. गडापासून चौथ्या किलोमीटरला एक डोंगररांग आडवी होती, ७८० मीटर. गड आणि चौक यांना जोडणारी रेषा त्या ठिकाणी किती उंचीवर असते? ९०५ वजा ३४३ चा ४/९ हिस्सा, म्हणजे ७५३ च्या आसपास. रांग २७ मीटर वर. होळी दिसत नव्हती. (पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर दीड-दोन मीटरचा फरक पडतो, तो सोडून दिला तरी चालतो.)

रांग सगळी खाली आणायची की गड उंच करायचा? दोन्ही नको. नेमक्या त्या रेषेत ७२० मीटरची खिंड पाडली. आणि खिंड आली की दक्षिणेची वाट तिथूनच जाणार, वाट आली की जकातीचा नाका, नाका आला की दोन-चार दुकानं आणि एक वाडी. कच्च्या नकाशात ही वाट डोंगर सरळ ओलांडून जात होती. कथेतल्या एका वाक्याने तिची सोय लागली.

रेल्वे आणि तिची वळणं

रेल्वे सर्वांत शेवटी आली, म्हणून ती कुणाचं ऐकत नाही, पण शहरात शिरतही नाही. जमीन स्वस्त, सपाट आणि पुराच्या वर हवी. म्हणून बोरेच्या दक्षिणेला, नदीपासून ६५० मीटरवर स्टेशन. कच्च्या नकाशात रूळ शहराच्या कोपऱ्याशी काटकोनात वळले होते. वळणाची त्रिज्या मोजली तर ६० मीटर. ब्रॉडगेजला आपल्याकडे १० अंशांचं वळण (अंश जितके जास्त तितकं वळण घट्ट) हीच कमाल, आणि त्याचीही त्रिज्या १७५ मीटर येते. मोकळ्या मैदानात कुणी तेवढंही घेत नाही. इथे २ अंश घेतले, त्रिज्या ८७५ मीटर, कागदावर १७.५ सेंमी. एवढा मोठा कंपास नसेल तर जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून तिच्या एका टोकाला टाचणी, दुसऱ्याला पेन.

रूळ भरावावर आहेत, तेव्हा प्रत्येक ओढ्याला मोरी हवी. पाच ओढे, पाच मोऱ्या. एक विसरली की भरावाच्या वरच्या बाजूला तळं साचलं पाहिजे. स्टेशनापासून बोरवेशीपर्यंत नवा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वखारी. हा रस्ता मात्र पट्टीने ओढायला हरकत नाही.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी नकाशात नदीचं नाव अक्षरं लांब लांब टाकून पसरता येतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि ‘तां ब गं गा’ असे चार तुकडे वाहत जातात. म्हणून नाव अखंड ठेवायचं आणि नदीच्या लांबीवर तीनदा लिहायचं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव वक्र रेषेवर बसवताना वळण घट्ट असेल तर वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर चढतात. अशा जागी नाव सरळच पण तिरपं ठेवावं. सहा पॉइंटखाली अनुस्वार शाईत बुजतो. मुक्तासारखा स्वच्छ टंक (फॉन्ट), गावांना ७, पेठांना ९, नद्यांना निळा तिरपा १०. अक्षरांमागे ०.३ मिमी कागदी रंगाची कड ठेवली की समोच्च रेषा मात्रांत घुसत नाहीत.

‘घाट’ या शब्दाने गोंधळ घातला: डोंगराचा घाट आणि नदीचा घाट. मुलखाच्या नकाशात ‘घाट’ फक्त डोंगराला, शहरात पायऱ्यांना ‘नदीघाट’. गावांची नावं आधी चिठ्ठ्यांवर लिहून मगच बसवली. बुद्रुक-खुर्दची जोडी असेल तर बुद्रुक मोठं आणि बहुधा आधीचं. वेशीत मारुती, ओढ्याच्या काठी म्हसोबा, टेकडीवर खंडोबा, गावाबाहेर मरीआई. ही खूण कुठे बसते यावरून गावाची हद्द कळते, वेगळी सीमारेषा काढावी लागत नाही. तालुक्याच्या मुलखात कुणी बोरसंगम हे पूर्ण नाव घेत नाही, ‘संगमाला चाललो’ एवढंच म्हणतात. म्हणून बाहेरगावच्या वाटांवर ‘संगमाकडे’ अशी पाटी.

शेवटची तपासणी दोऱ्याने

रस्ता वाकडा, पट्टीने मोजता येत नाही. ओला सुती दोरा घाटमाथ्यापासून घाटवेशीपर्यंत रस्त्यावर बसवला: ४९६ मिमी, म्हणजे ६२ किमी. तीन दिवस, रोज २१ च्या आसपास. पहिला मुक्काम १६८ मिमीवर, मावळ संपतं तिथे, नदीकाठी, ठीक. दुसरा ३३६ मिमीवर, ४२ व्या किलोमीटरला, आणि तिथे नकाशात काहीच नव्हतं. उघडा माळ. जवळचा ओढा ३ किमीवर आणि तोही काळ्या रेघेचा, माघात आटणारा. मुक्काम चार किलोमीटर अलीकडे घेतला असता तर पाणी मिळत होतं, पण तिसऱ्या दिवशी २४ किमी उरत होते. दोन दिवस चढउतार खाल्लेली बैलं दिवेलागणीला वेशीत पोचत नव्हती.

म्हणून माळावर एक बारव (पायऱ्यांची विहीर) आली, तिच्याजवळ धर्मशाळा आणि पारावरचा मारुती. मुलखातल्या आठवडी बाजारांच्या यादीत शेजारशेजारची दोन गावं मंगळवारी बाजार भरवत होती, व्यापारी एकच असताना. त्यातला एक मंगळवार उचलून इथे दिला. गाड्या थांबतात तिथे बाजार भरतोच. नावांच्या चिठ्ठ्यांत शेवटची चिठ्ठी या जागेची निघाली, बारववाडी, ७ पॉइंट, आणि ती बसवायला २७०० मीटर रुंद कोरी जागा कागदावर आयती पडलेली होती.